तुम्ही विचारलंत म्हणून: "टस्कंबियात आहे तरी काय?"

इथे अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलला, आमच्याकडे पाहुणे आले की पहिला दिवस रॉकेटं बघण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना टस्कंबियाला नेते. दीड तासाचा रस्ता. गाडीत बसता बसता प्रश्न येतोच, "तिथे आहे तरी काय?"

अलाबामातल्या कोल्बर्ट काउंटीचं हे मुख्य गाव. कोर्ट, कचेऱ्या, जुनी बाजारपेठ, जेमतेम नऊ हजार वस्ती. आपल्याकडचं तालुक्याचं गाव म्हणा. दिसत नसताना, ऐकू येत नसताना शिकलेल्या हेलन केलरचं नाव घेतलं की पाहुण्यांना शाळेतला धडा आठवतो. हो, तिचंच गाव. पण मी सुरुवात पाण्यापासून करते. गाव वसलं ते मोठ्या झऱ्याकाठी. १८२२ मध्ये टस्कंबिया हे नाव पडण्याआधी त्याला बिग स्प्रिंगच म्हणत. जवळून टेनेसी नदी जाते, पण मसल शोल्सला ती इतकी उथळ आणि खडकाळ होती की बोटी अडायच्या. कापूस तर न्यायचाच होता. मग १८३२ मध्ये गावापासून नदीच्या धक्क्यापर्यंत दोनेक मैल रूळ टाकले, आणि दोन वर्षांत रेल्वे अडथळ्याला वळसा घालून डेकेटरला पोचली. सुरुवातीला डबे घोडे ओढत.

१८३८ मध्ये याच रुळांवरून चेरोकी या मूलनिवासी जमातीच्या कुटुंबांना डेकेटरहून आणलं, इथल्या धक्क्यावर बोटीत चढवलं आणि पश्चिमेला घालवून दिलं. काउंटीला मात्र चिकसॉ या दुसऱ्या मूलनिवासी जमातीच्या कोल्बर्ट सरदारांचं नाव. माणसं नकोत, नावं चालतात!

मग आयव्ही ग्रीन. हेलनच्या आजोबांनी १८२० मध्ये बांधलेलं साधं पांढरं घर, आणि मागच्या अंगणात तो पंप. आमच्या आत्या तो बघून म्हणाल्या, "अगं, हा तर आपला हापसा!" १८८७ च्या मार्चमध्ये हेलनला शिकवायला अ‍ॅन सुलिव्हन इथे आली. ५ एप्रिलला तिने हेलनच्या एका हातावर पाण्याची धार धरली आणि दुसऱ्या हातावर बोटांनी 'वॉटर' ही अक्षरं उमटवली, आणि प्रत्येक वस्तूला नाव असतं हे हेलनला पहिल्यांदा उमगलं. आत्या बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

(हौस असेल तर टस्कंबियाच्या पुढे रॅकून या प्राण्याची शिकार करणाऱ्या कुत्र्यांची दफनभूमीही आहे, १९३७ पासूनची. दुसऱ्या जातीच्या कुत्र्याला तिथे जागा नाही. सोवळं कुठे पाळतील सांगता येत नाही.)

माझी कुरकुर एवढीच की सगळीकडे ती सहा-सात वर्षांची पोरच दिसते. अलाबामाने २००९ मध्ये वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदभवनात, तिचा पुतळा दिला, तोही पंपापाशी उभ्या मुलीचा. मोठी झालेली हेलन तेवढी सोयीची नव्हती. वडील यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या सैन्यातले कॅप्टन. ही १९०९ मध्ये सोशलिस्ट पक्षात गेली. १९१६ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीला तिने देणगी पाठवली, सोबत पत्र लिहिलं, आणि अलाबामातली मंडळी खवळली. १९५५ मध्ये, ७४ व्या वर्षी, ती भारतातही येऊन गेली.

आत्यांनी परतताना विचारलं, "आणि पुढे काय केलं गं तिने?" दीड तास बोलत होते. घर आलं तेव्हा जेमतेम पहिल्या महायुद्धापर्यंत पोचले होते.