होई आनच्या शिवारात अर्धा दिवस

व्हिएतनाममध्ये दा नांगला उतरणाऱ्या मराठी मंडळींचा बेत साधारण ठरलेला असतो. बा ना हिल्सवर जाऊन भल्याथोरल्या हातांवर पेललेला तो सोनेरी पूल बघायचा, संध्याकाळी होई आनला कंदिलांखाली फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढचं विमान गाठायचं. होई आनचं जुनं गाव सुंदरच आहे, १९९९ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण त्या गावाला लागूनच, सायकलवर पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल अशा अंतरावर, भाताचं शिवार आणि भाजीचे वाफे आहेत. तिथली शेतीची टूर घेऊन एक सकाळ चिखलात पाय घालून काढा, असं मी प्रत्येकाला सांगते आहे. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि होई आनमधली माझी सगळ्यात आवडती सकाळ तीच.

आम्ही मार्चमध्ये गेलो होतो. मी, नवरा, मुलगी आणि आई. आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, लग्न होईपर्यंत तिने दर पावसाळ्यात लावणी केलेली. ती बरोबर होती म्हणून या सहलीतली निम्मी गोष्ट मला समजली.

सुरुवात सायकलने. होई आनमधून आन बांग किनाऱ्याकडे जाणारा हाय बा चुंग नावाचा रस्ता आहे, इसवी सन ४० मध्ये चिनी सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या दोन बहिणींच्या नावाचा. गाव संपलं की भातशेती सुरू होते. सगळं सपाट, चढ नावालाही नाही. मात्र वाहनं उजव्या बाजूने चालतात आणि आपली मान सवयीने चुकीच्या बाजूला वळते, हे वळणावर आणि रस्ता ओलांडताना फार जपायचं. लहान मुलं बरोबर असतील तर गाईडला आतल्या पायवाटांनी न्यायला सांगा. आई मागे गाडीने आली. तशी सोय आधी सांगितली तर बहुतेक ठिकाणी करून देतात.

पहिला मुक्काम ट्रा क्वे. एका बाजूला दे व्हाँग नदी आणि दुसऱ्या बाजूला खाडीसारखं तळं, अशा मधल्या पट्टीवर हे भाजीवाल्यांचं गाव आहे. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने जगातल्या उत्तम पर्यटन गावांच्या यादीत त्याचं नाव घातलं, त्यामुळे आता गर्दी वाढते आहे. तरी सकाळी लवकर गेलात तर गाव गावासारखंच दिसतं. माती रेताड, पाणी धरून न ठेवणारी. तिच्यावर इतकी कोवळी पालेभाजी कशी येते याचं उत्तर तळ्यातल्या शेवाळात आहे. पाण्यातली रोंग नावाची वनस्पती काढून आणायची, वाफा खणून तिचा थर द्यायचा, वर माती ओढायची, पाणी मारायचं आणि मग रोप लावायचं. ती कुजते तशी खत होते आणि ओलही धरून ठेवते.

हे सगळं आमच्याकडून करून घेतलं. कुदळ आपल्यापेक्षा लांब दांड्याची, त्यामुळे कंबर कमी वाकते. शेवाळ हातात घेतलं तर गार, बुळबुळीत आणि किंचित खाऱ्या वासाचं. मुलीने आधी नाक मुरडलं आणि मग दोन्ही हातांनी पसरायला लागली. रोपं लावताना तिथल्या आजी बोटाने भोक पाडून मूळ सरळ सोडत आणि अंगठ्याने माती दाबत. आईने तिचा वाफा लावला तेव्हा त्या आजींनी एक ओळ बघितली, काहीतरी म्हणाल्या आणि पुढची रोपांची टोपली सरळ तिच्या हातात दिली. गाईडने सांगितलं, "त्या म्हणतायत, यांना शिकवायला नको."

पाणी घालायची पद्धत मुद्दाम बघण्यासारखी आहे. खांद्यावर कावड आणि दोन्ही टोकांना झाऱ्या. दोन वाफ्यांच्या मधून चालत जायचं आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी झाऱ्या कलत्या करायच्या, म्हणजे डावा-उजवा दोन्ही वाफे एका फेरीत भिजतात. भरलेली कावड खूप जड असते. पाठीचं किंवा खांद्याचं दुखणं असेल त्यांनी अर्ध्या झाऱ्याच भराव्यात. काही वाफ्यांवर आता तुषार सिंचन आलेलं आहे, पण आम्ही पोचलो तेव्हा बाजूच्या चार-पाच वाफ्यांत कावडीवालेच होते आणि त्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता, ते त्यांचं रोजचं काम करत होते. यासाठीच म्हणते की पहाटे जा. शेतकरी उजाडताना आणि ऊन उतरल्यावर पाणी देतात. नऊ वाजता पोचलात तर फक्त पाहुण्यांसाठीचं प्रात्यक्षिक उरतं. बहुतेक टूर आठ-साडेआठला निघतात. आम्ही सातच्या आधी निघायचं मागून घेतलं, आणि ट्रा क्वे आधी, भात नंतर असा क्रमही लावून घेतला.

वाफ्यांवरून फिरताना प्रत्येक पान चुरगाळून वास घ्यायला देतात. पुदिना आणि तुळशीची जातभाई ओळखू येते. तिया तो नावाचं पान वरून हिरवं, खालून जांभळं. राउ रामचं पान लांबट आणि कोथिंबिरीपेक्षा तिखट. दिएप का नावाचं एक हृदयाच्या आकाराचं पान आहे, त्याला चक्क माशाचा वास येतो. शाकाहारी मंडळींनी ते ओळखून ठेवावं, कारण ताटातल्या पाल्यात ते हमखास असतं.

तिथून भाताकडे. मार्चमध्ये सगळं शिवार हिरवंगार असतं. थंडीत पेरलेलं पीक एप्रिलअखेर ते मे महिन्यात कापतात, पुढचं ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला. म्हणजे नांगरणी आणि कापणी एकाच दिवशी खरोखर चाललेली कधीच दिसणार नाही. टूरवाल्यांनी एक तुकडा चिखल करून राखलेला असतो आणि कापलेल्या पेंढ्या आधीच ठेवलेल्या असतात. आज व्हिएतनाममध्ये बहुतेक भात यंत्राने नांगरलं आणि कापलं जातं, रेडा पाहुण्यांसाठी जुंपतात. हे मी विचारलं तेव्हा गाईडने आडपडदा न ठेवता सांगितलं. आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. "आपल्याकडे तरी आता जोत कुठे राहिलंय? टिलरच फिरतो," ती म्हणाली.

नांगराला एकच रेडा जुंपतात, जोडी नाही. जू छोटं, वाकडं, मानेवर बसणारं. चिखलात नांगर धरायला प्रत्येकाला देतात. टोक फार खाली दाबायचं नाही, हात सैल ठेवायचे, रेडा आपोआप ओळ धरतो. रेड्यावर बसून फोटो काढायचा प्रकार बऱ्याच टूरमध्ये आहे. आम्ही तो नाकारला आणि तुम्हीही नाकारा असं सुचवेन. जनावर दिवसभर माणसं वाहतं, आणि त्याच्या शेजारून चालत गेलं, त्याला मूठभर गवत भरवलं की मुलांचं समाधान होतं. आमच्या मुलीचं झालं.

मग पेरणी. टोपलीतून मोड आलेलं भात आणलं तशी आई पुढे झाली. भिजवून, मोड आणून चिखलावर बी फेकायची ही रीत कोकणातही आहे, रहू म्हणतात. तिच्या माहेरी रोपं कमी पडली की एखाद्या खाचरात असं करत. मूठ उघडायची ढब तिच्या हातात अजून होती, बी एकसारखं पडलं.

मला सगळ्यात आवडलं ते पाणी उपसणं. एका टोपलीला चार दोऱ्या, दोन माणसं समोरासमोर उभी, प्रत्येकाच्या हातात दोन दोऱ्या. टोपली मागे झुलवायची, पाण्यात बुडवायची, दोघांनी एकदम मागे रेलून उचलायची आणि वरच्या खाचरात ओतायची. खालच्या दोरीला किंचित उशिरा ढील दिली की टोपली आपोआप पालथी होते. आई आणि तिथल्या एक बाई समोरासमोर उभ्या राहिल्या. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. दोन-तीन फेऱ्यांत लय बसली आणि मग त्या थांबेचनात, वरच्या खाचरात चांगलं पाणी चढलं. आम्ही बाकीचे बांधावर उभे राहून बघत होतो.

झोडणी, भरडणं आणि पाखडणं हे सावलीत असतं. पाखडायला सूप नाही, गोल ताटासारखी विणलेली परडी असते, चारी बाजूंनी काठ. सुपाला पुढचं तोंड उघडं असतं म्हणून कोंडा पुढे उडतो. इथे मनगट जरासं फिरवून परडी वर उडवायची, वारा कोंडा घेऊन जातो आणि तांदूळ परत मध्ये पडतो. आईला हे जमायला वेळ लागला, पण जमलं. शेवटी भिजवलेले तांदूळ दगडी जात्यावर पाणी घालत दळायचे, बाजूच्या पन्हळीतून दुधासारखं पीठ उतरतं.

त्याच पिठाचं जेवण. हळद घातलेलं पीठ गरम तव्यावर ओतलं की चर्रकन आवाज येतो, वर कोळंबी, डुकराचं मांस, मोड आलेले मूग. त्याला बान्ह सेओ म्हणतात, दिसायला जाळीदार कुरकुरीत घावन. तो तांदळाच्या पातळ कागदात सकाळी बघितलेल्या पाल्यासकट गुंडाळायचा आणि बुडवून खायचा. ज्यांना मांस नको त्यांनी बुकिंग करतानाच लिहून कळवावं, आयत्या वेळी सांगून उपयोग नाही. नुसतं शाकाहारी म्हणणंही पुरत नाही, कारण बुडवायच्या पाण्यात नुअक माम म्हणजे माशाचा रस असतो. "आन चाय" असं सांगितलं की बौद्ध पद्धतीचं शुद्ध शाकाहारी जेवण लागतं हे समजतं. माझ्या नवऱ्याला अळंबी आणि मूग घालून केलेला बान्ह सेओ आणि सोयाबीनचा रस मिळाला, दोन्ही चविष्ट. काटेकोर चाय जेवणात कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळींना याचा उपयोग होईल. कंदमुळांचं मात्र वेगळं सांगावं लागतं.

शेतांमध्ये मधेच थडगी दिसतात, पूर्वजांना आपल्याच जमिनीत पुरण्याची तिथली रीत आहे. त्यांच्यावर बसू नये, टेकून फोटो काढू नयेत.

टोपलीसारख्या गोल होड्यांची फेरी या टूरला जोडून विकतात. ती काम थान्हच्या पाणमाडांच्या बनात असते. होड्या बांबूच्या विणलेल्या, विणीत शेण आणि झाडाचा डिंकाळ रस भरून पाणबंद केलेल्या, कारागिरी अप्रतिम. पण दहा वाजल्यानंतर तिथे मोठ्याने गाणी आणि गरागरा फिरवलेल्या होड्या असा माहोल असतो. मुलांना मजा येते. शांत बन बघायचं असेल तर ती फेरी वेगळ्या दिवशी, भल्या सकाळी करा. एकाच अर्ध्या दिवसात शेती, भाजी, होडी आणि स्वयंपाक असं सगळं कोंबलेली टूर घेऊ नका, प्रत्येक ठिकाणी फक्त फोटोपुरता वेळ मिळतो. बुकिंगआधी विचारायचं ते एवढंच: गटात किती माणसं, आम्ही स्वतः काय काय करणार, किती वाजता निघणार.

कपडे लवकर वाळणारे, गुडघ्यापर्यंत दुमडता येतील असे घाला. वरून घालायला शेतकरी सदरा आणि नोन ला ही पानांची टोपी तिथे देतात. एक जादा जोड बरोबर हवाच. चिखलात उतरण्याआधी जोडवी, पैंजण, अंगठ्या काढून ठेवा. पायाला जखम असेल तर उतरूच नका. डासांचं मलम आणि सनस्क्रीन लावून निघा.

फेब्रुवारी ते एप्रिल हवा उत्तम. जून ते ऑगस्ट कडक ऊन. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा, तिकडचा मोठा पाऊस तेव्हाच असतो. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीला होई आनचं जुनं गाव पुराच्या पाण्यात होतं.

ई-व्हिसा निघण्याआधी काढायचा, ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची बरीच पानं आहेत, पत्ता नीट तपासा. हजार डाँग म्हणजे साधारण तीन-साडेतीन रुपये. २० हजार आणि ५ लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत, बक्षिसी देताना शून्यं मोजून द्या. खेड्यात रोख डाँगच ठेवा. दा नांग विमानतळापासून होई आन साधारण ३० किलोमीटर आहे, ग्रॅब अॅपवरून गाडी सहज मिळते.

त्याच दुपारी 'मी सन' नावाचं जुन्या मंदिरांचं ठिकाण बघायचा मोह होईल, ते होई आनपासून ४० किलोमीटरवर आहे. चंपा या तिथल्या जुन्या हिंदू राज्याची ती विटांची शिवमंदिरं, चौथ्या शतकात राजा भद्रवर्म्याने भद्रेश्वराची स्थापना केली तिथली, आपल्या माणसाने पाहायलाच हवीत. पण दुपारी नको, उन्हात त्या दरीत हवा हलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताउघडता पोचा.