मत्तय २० आणि आमची कापूस वेचणी

गुरुवार, रात्री

वेचणी सुरू झाली की माझं बायबल वाचन दरवर्षी बोंबलतं. पहाटे भाकरी, डबे, पाण्याचे जार, मग फोनाफोनी, आज कोण येतंय नि कोण दुसऱ्याच्या शेतात गेलं, आणि दव उडालं की शेत. वर्षात अख्खं बायबल वाचून काढायचा तो तक्ता असतो ना, रोज तीन-चार अध्यायांचा, तो मी केव्हाच सोडून दिला, लेवीय हे नियमांचं पुस्तक आलं की निम्मी मंडळी तिथंच बसकण मारतात आणि मी तर हमखास. आता एक आठवडा, एक उतारा, बास. सकाळी एकदा मोठ्याने वाचायचा म्हणजे सासूबाईंना पण ऐकू जातो (त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू करू म्हणत राहिलंय), आणि मग दिवसभर तो डोक्यात राहू द्यायचा. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणारा माणूस आहे, तो मला आधी रिकामटेकडाच वाटायचा, कामधंदा असलेल्याला कुठं जमायचं असलं. पण कापूस वेचताना हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळंच असतं. तिथं एखादं वचन मस्त घोळत राहतं.

या आठवड्याला मत्तय २० आहे, म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय, त्यात येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट. रविवार शाळेपासून ऐकलेली. मालक पहाटे बाजारात जातो, एक दिनार रोज ठरवून माणसं लावतो. एक दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. मग परत नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि कळस म्हणजे पाच वाजता पण जातो, सुट्टी व्हायला तासभर राहिलेला असताना! आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार.

आता हे शेतात उभं राहून वाचा. आमच्याकडे वेचणी किलोवर चालते. जिचा हात चालतो ती पन्नास किलोच्या पुढे जाते, जिचा नाही ती पंचविसावर थांबते, संध्याकाळी बांधावर काटा टांगतात, ओटी-गाठोडी एकेक करून लागतात आणि मी वहीत आकडे लिहिते. काट्याभोवती काय चालतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. अर्ध्या किलोवरून वाद. दवाचा कापूस आहे, जड भरतो, कवडी (किडकं, नीट न उमललेलं बोंड) कशाला घातली आत, माझं गाठोडं आधी लाव. त्या काट्यापुढे हा द्राक्षमळेवाला आणून उभा केला तर पहिल्या दिवशीच दंगल होईल आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया संध्याकाळी पाच वाजता येतील. आमचे हे तर हसून म्हणाले, येशूने कपाशी लावलेली नव्हती म्हणून.

शुक्रवार

आज दिवसभर आठव्या वचनापाशी अडकले होते. तिथं लिहिलंय की मळ्याचा धनी आपल्या कारभाऱ्याला सांगतो, मजुरांना बोलव. म्हणजे याच्याकडे कारभारी आहे! मग बाजारात पाच-पाच खेपा हा स्वतः कशाला मारतोय? आमच्या गावातला दहा एकरवाला पण मजूर बघायला स्वतः जात नाही, टोळीच्या मुकादमाला फोन लावतो, तो सातपुड्याकडून गाडी भरून माणसं आणतो, विषय संपला. इतक्या वर्षांत हे प्रवचनात कोणी बोललेलं मला आठवत नाही. सगळे शेवटच्या दिनारावर येऊन थांबतात.

आणि दुसरं. शेवटी आलेल्यांना पैसे आधी दिले. पहाटे आलेल्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं तर ते आनंदाने घरी गेले असते, कुरकुरीचा प्रश्नच नव्हता, पाचवाल्यांना काय मिळालं ते त्यांना कळलंसुद्धा नसतं. म्हणजे मालकाला ते त्यांना दाखवायचंच होतं. मुद्दाम. मला हे जरा खटकलं पण आणि आवडलं पण. याच्या आधीच्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो तर आम्हाला काय मिळणार. त्यालाच हे उत्तर आहे असं मला वाटतं. पेत्र पहाटेच्या बॅचचा ना.

पाळकसाहेब म्हणतात ही गोष्ट कृपेची आहे, मजुरीची नाही, तारण म्हणजे पापातून सुटका, ती कमावता येत नाही, मरताना विश्वास ठेवणाऱ्यालाही तेच सार्वकालिक जीवन. पटतं. पण "फक्त कृपेची" म्हटलं ना की आपण शेतकरी लोक फार स्वस्तात सुटतो असं माझं मत आहे. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४ व्या अध्यायात, मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या असं स्वच्छ लिहिलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलाय. आमच्याकडे बाजाराच्या आदल्या दिवशी हिशोब होतो, बायांनाच तसं बरं पडतं म्हणे, घरात रोज पैसे नेले तर नवरा काढून घेतो. ते खरंच आहे. पण काही शेतकरी कापूस विकल्यावर देऊ म्हणून महिना-महिना लांबवतात आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हणतात, टाळ घेऊन.

शनिवार

आजचं मात्र नीट लिहायला पाहिजे.

सकाळी वाचून झालं आणि मी सासूबाईंना सहज म्हटलं, बघा ना आई, तासभर काम करून पूर्ण रोज, असा मालक आम्हाला पण भेटायला पाहिजे. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, तू पुन्हा वाच ते, पाच वाजताच्या लोकांना तो काय विचारतो ते. मी वाचलं. तुम्ही सगळा दिवस इथे रिकामे का उभे राहिलात? ते म्हणाले, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही.

मग त्या बोलायलाच लागल्या. माहेर त्यांचं पारोळ्याकडचं, १९७२ चा दुष्काळ, या असतील चौदा-पंधरा वर्षांच्या. खडी फोडायचं काम निघालं होतं, आईबरोबर पहाटे अंधारात चालत जायच्या, पण माणसं इतकी की मुकादम नावं लिहायचा आणि मग वही मिटून टाकायचा, झाली नावं, जा घरी. घरी कोणी जायचं नाही. तिथंच उभे. कोणी चक्कर येऊन पडलं, कोणी दुपारून निघून गेलं, तर आपला नंबर लागेल म्हणून. लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी असायची ती पण सगळ्यांना पुरायची नाही. त्या म्हणाल्या, काम करणाऱ्याचे हात दुखतात, पण उभं राहणाऱ्याचं काय दुखतं ते त्यालाच माहीत. संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जायची लाज वाटायची म्हणून त्यांची आई मुद्दाम अंधार पडल्यावर गावात शिरायची. आणि मग माझ्याकडे बघून आमच्याकडच्या बोलीत, "तासभराचे पैसे दिले असते तर पोरं काय खातीन, व माय?"

मला काही बोलता आलं नाही. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, दुष्काळ त्यांनी पाहिलाय एवढंच माहीत होतं, हे उभं राहणं माहीत नव्हतं. आणि त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला कोणाची गरज नव्हती, त्या आधीपासून पाचवाल्यांतच उभ्या होत्या. मालक कारभाऱ्याला न पाठवता स्वतः का जात होता त्याचं उत्तर पण मला तिथंच मिळालं. उभं राहिलेलं माणूस पाच वाजता दिसायचं असेल तर स्वतः जावं लागतं, कारभाऱ्याच्या वहीत ते नसतं.

संध्याकाळी हिशोब केला. आमच्या बायांत एक म्हातारी मावशी आहे, तिचा काटा कधी पंधराच्या वर जात नाही, आणि मध्ये मध्ये नातवाला बघायला घरी पळते. तिला किलोवर न धरता रोज बांधून द्यावा असं मी यांना म्हटलं. हे म्हणाले, दे, पण बाकीच्यांसमोर देऊ नको, उद्या शेजारचे म्हणतील रेट बिघडवला. आता गोष्टीतल्या मालकाने तर सगळ्यांसमोर दिलं होतं. पण मी काही तो मालक नाही, गावात मला राहायचंय, दुसऱ्या वेचणीला मजूर लागायचेत, फरदड ठेवली, म्हणजे वेचण्या संपल्यावरही कपाशी उभी ठेवली, तर अजून पुढे. दिलं मी बाजूला बोलावूनच. बरोबर केलं की अर्धंच केलं, ठरवता येत नाहीये.

आणि जिचा हात सगळ्यात चालतो तिला पासष्ट किलोचे पैसे पूर्ण मिळाले, तरी तिने लांबून बघितलंच. सोमवारी विचारणार ती. विचारलं तर सांगणार आहे, खोटं नाही बोलायचं.

पुढच्या आठवड्याला स्तोत्रसंहितेतलं काहीतरी घ्यायचं ठरवलं होतं मी. सासूबाई म्हणतात रूथचा दुसरा अध्याय घे. का म्हटलं तर म्हणाल्या, त्यात सून शेतात सरवा, कापणीनंतर पडलेली कणसं, वेचायला जाते आणि सासू घरी बसून राहते, मला बरं वाटेल.