छोटी गाडी, समृद्धी आणि ट्रकचा वारा

आज नाशिकहून भरवीरला जाऊन समृद्धी धरली. कारला इथे १२० ची मर्यादा आहे, पण आठ-नऊशे किलोची हॅचबॅक शंभरनंतरच हलकी वाटायला लागते. ट्रकच्या बाजूने जाताना गाडी आधी त्याच्याकडे ओढली जाते आणि पुढे निघताच वारा तिला बाहेर ढकलतो. तेव्हा स्टिअरिंग झटक्यात वळवायचं नाही. दोन्ही हातांनी नीट धरून गाडी हळूच सावरायची. ओव्हरटेक करताना अंतर जरा जास्तच ठेवा.

८०-१०० ला स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे ना) बघा. एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा, मग अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आहेत ना) बघा.

टायर थंड असतानाच हवा भरा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. 'काँक्रीट तापतं, हवा कमी ठेवा' हा सल्ला साफ चुकीचा! कमी हवेत टायरची बाजू जास्त दबते, जास्त तापते, तिथेच फुटतो. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा: ३५१८ म्हणजे २०१८ चा ३५वा आठवडा. इतक्या जुन्या टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी समृद्धीवर जाऊ नका.

आणि ब्रेक? ८० ऐवजी १२० ला ब्रेक लागल्यापासून थांबायला सव्वादोन पट अंतर लागतं.