विमानातील हवा आणि प्रवाशाचा थकवा

मुंबईहून लंडनला जाताना नऊ-दहा तासांनी येणाऱ्या थकव्याचे खापर आपण बहुधा अरुंद आसनावर फोडतो; माझ्या मते त्यात हवेचा वाटाही मोठा असतो. विमान ३५,००० फुटांवर उडत असले, तरी केबिनमधील दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील हवेइतका राखला जातो, म्हणजे समुद्रसपाटीवरून निघालेला प्रवासी थोड्याच वेळात महाबळेश्वरपेक्षाही उंच ठिकाणी जाऊन बसतो. ८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असल्याने रक्तातील ऑक्सिजन किंचित घटतो आणि आतड्यांतील वायू प्रसरण पावून पोट फुगते.

याहून जाचक असतो तो कोरडेपणा. बाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास थंड असल्याने तिच्यात बाष्प नावालाच असते, आणि तीच हवा तापवून आत घेतल्यावर केबिनमधील सापेक्ष आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली उतरते. डोळे चुरचुरतात, घसा सुकतो, नाक कोरडे पडून चव मंदावते. तेव्हा जेवण अळणी लागले तर सगळा दोष स्वयंपाक्याचा नसतो. (कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा जवळ ठेवावा.)

बोइंग ७८७ चा सांगाडा मुख्यतः कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा असल्याने दाबाचा ताण अधिक सोसतो, म्हणून त्यात ६,००० फुटांइतका दाब आणि थोडी अधिक आर्द्रता राखता येते. लांबचे तिकीट काढताना मी आता भाड्याबरोबर विमानाचा प्रकारही पाहतो.