जिताडा सोडला त्याची गोष्ट

“सोडलास? अरे, पण का?” काकांनी फोनवर हे तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा न विचारता फोन काकूच्या हातात दिला. सगळा जन्म अलिबागच्या खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकण्यात गेलेला हा माणूस. पुतण्याने ९६ सेंटिमीटरचा जिताडा मासा हातात आलेला सोडून दिला, हे त्यांच्या घशाखाली उतरणं अवघडच. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांना उत्तर देतोय. आज लिहूनच काढतो.

मी राहतो ऑस्ट्रेलियात, मध्य क्वीन्सलँडमध्ये, रॉकहॅम्प्टनला. गावातून फिट्झरॉय नदी जाते. १९७० साली तिच्यावर बंधारा घातला. वर गोडं पाणी, खाली खारं. खालच्या अंगाला दोन्ही काठांना तिवरं, चिखल, ओहोटीला उघडी पडणारी घळणं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा धरमतरच्या खाडीची इतकी आठवण झाली की गाडी बाजूला लावून नुसता बघत बसलो. आणि इथले लोक ज्या बॅरामुंडीसाठी जीव टाकतात तो आपला जिताडाच. शास्त्रीय नावही तेच. बॅरामुंडी हा शब्द या भागातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला आहे. अर्थ मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा.

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, मी लहानपणीच शिकलो. फ्लाय फिशिंग मात्र इथे आल्यावर, कामावरच्या एका सहकाऱ्याच्या होडीत. यात गळाच्या टोकाला वजन नसतंच. गरीवर, म्हणजे गळाच्या आकड्यावर, हरणाच्या शेपटीचे केस आणि चकचकीत धागे बांधून बोयट माशाच्या पिल्लासारखं काहीतरी केलेलं असतं, फुंकर मारली तर उडेल इतकं हलकं. वजन असतं दोरीला. ती जाड दोरी हवेत मागेपुढे खेळवून पुढे सोडायची, म्हणजे ती आमिषाला घेऊन जाते. मला सरळ फेक जमायला चार महिने लागले.

जिताडा उघड्या पाण्यात फारसा हिंडत नाही. बुडालेलं झाड, खडकाचा दात, पुलाचा खांब, तिवराची मुळं, असा काहीतरी आडोसा धरून प्रवाहाकडे तोंड करून तो थांबतो. वाहतं पाणी खोडाला अडून मागे जिथे मंद होतं, तिथे त्याला पोहावं लागत नाही आणि प्रवाहाबरोबर येणारं सावज आपोआप तोंडाशी येतं. सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, शेवटचा तास त्यासाठी सोन्यासारखा. घळणांतून पाणी निथळतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर पडते, आणि तोंडावर हा टपलेला असतो. काकांना यातलं काहीच नवीन नाही. तेही पाग तिथेच टाकतात.

हलक्या आमिषाचा फायदा इथेच कळतो. ते आवाज न करता पडतं, आणि ओढता ओढता थांबलं की खोडाजवळ पाण्यात नुसतं लोंबकळतं. जिताडा घेतो तो बहुतेक त्या थांबण्यातच. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तसंच झालं. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी त्यामुळे नेहमीपेक्षा निवळ. आडव्या पडलेल्या एका झाडाच्या वरच्या अंगाला फेकलं, प्रवाहाने ते खोडाच्या कडेला येऊ दिलं, दोनदा झटका दिला, थांबलो. बुफ्! तोंड उघडून पाण्यासकट सावज आत ओढल्याचा तो आवाज मी तिवरांत लहानपणी रात्री ऐकलेला आहे.

अशा वेळी काठी वर उचलायची नसते. दोरी हाताने सरळ मागे खेचायची, म्हणजे गरी रुतते. आणि पहिल्या दोन मीटरांतच त्याचं डोकं खोडापासून वळवायचं. तो आत शिरला की संपलंच. तोंड कानशीसारखं खरखरीत, कल्ल्याची कड ब्लेडसारखी; टोकाला जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, नसेल तर क्षणात तुटतं. माझी बोटं दोरीने कापली, पण मासा वळला. दोनदा पाण्याबाहेर पूर्ण उडाला, डोकं झटकत. दहाएक मिनिटांनी होडीला लागला तेव्हा माझे गुडघे थरथरत होते.

मोजपट्टीवर ९६. सहकारी एवढंच म्हणाला, “तू ठरव.”

क्वीन्सलँडच्या या किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान जिताडा ठेवता येत नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवता येत नाही. खालची मर्यादा मला पहिल्या दिवशीच पटली होती. वरची मर्यादा मात्र टोचायची. आयुष्यात एकदा मिळणारा मासा, आणि तोच नेमका सोडायचा? मग कारण समजलं. जिताडा जन्माला नर म्हणून येतो आणि पुढे मादी होतो, साधारण ८० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान. म्हणजे मोठे जिताडे जवळजवळ सगळे मादीच. लाखोंनी अंडी घालणाऱ्या. एवढं वय गाठायला आधी जगून राहावं लागतं. एक मोठी मादी गेली की तिची जागा भरायला पाच-सात वर्षं लागतात. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबरच्या दुपारपासून १ फेब्रुवारीच्या दुपारपर्यंत जिताडा धरायचाच नाही, तो याच विणीसाठी.

आपल्याकडे उलट आहे, हे कबूल करायला हवं. गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, पोट भरलेला मासा म्हणजे आपल्या घरात सण. मीही त्या ताटावर वाढलोय.

पण एक गोष्ट मला झोंबली ती सांगतोच. गेल्या वर्षी धक्क्यावर एका अनोळखी माणसाने माझ्याकडे बघून, मी काही विचारलेलं नसताना, लहान मासे का सोडायचे ते मला हळूहळू, शब्द तोडून समजावलं. शेजारच्या दोन गोऱ्या पोरांना नाही समजावलं. मला त्याला सांगायचं होतं की नारळी पौर्णिमेआधी दर्यात होडी घालायची नाही हे माझ्या पणजोबांना कुणी छापील कागदावर दिलेलं नव्हतं. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी आहे ती कायद्याने, पण पावसाळ्यात मासळीला विणू द्यायचं हे शहाणपण कोळीवाड्यात त्याच्या कितीतरी आधीचं आहे. बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आणि काकांची बाजूही खरी आहे. माझा पगार महिन्याला येतो. मासा सोडला तरी रात्रीचं जेवण ठरलेलं असतं. त्यांचं तसं नाही. फिट्झरॉयच्या या पट्ट्यात २०१५ च्या नोव्हेंबरपासून व्यापारी जाळ्यांना बंदी आहे. त्यामुळे नदीत मोठा मासा राहिला, मला तो मिळाला, हे सगळं मान्य. पण इथे जाळं लावून पोट भरणाऱ्यांचा या नदीतला धंदा गेला, आणि त्याच पाण्यात आता मी शनिवारी हौसेने गरवतो. हा विचार आला की माझा आनंद थोडा आंबट होतो. तरीही मी सोडला. ९६ चा जिताडा ठेवायला कायद्याने मला मोकळीक होती, पण बंदी चार दिवसांवर आलेली, आणि पोट हाताला टणक लागत होतं.

इथे मगरी आहेत, त्यामुळे काठाशी वाकून हात पाण्यात घालून बसायचं नाही. तिला मोठ्या जाळ्यातच होडीच्या कडेला पाण्यात धरलं, तोंड प्रवाहाकडे. एकच गरी, तीही बिनकाट्याची. चिमट्याने अलगद निघाली. कल्ले आधी संथ, मग जोरात उघडू लागले. उन्हात डोळ्याला तांबूस झळाळी आली. सहकाऱ्याने जाळ्याची कड खाली दाबली. ती क्षणभर तशीच थांबली, मग शेपटीच्या एका फटक्यात माझ्या तोंडावर चिखलाचं पाणी उडवून त्याच पडलेल्या झाडाखाली गेली.

काल काकांचा मेसेज आला. फोटो परत पाठव म्हणाले, आणि झाड नेमकं कुठल्या अंगाला पडलं होतं ते विचारलं.