मारा नदीच्या काठावर: केनिया सफारीचा वृत्तांत

केनियातल्या मासाई मारा राखीव क्षेत्रातल्या पहिल्या दिवशी आम्ही मारा नदीच्या काठावर साडेतीन तास बसलो आणि एकही विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखं दिसणारं आफ्रिकी हरिण, पाण्यात उतरला नाही. पलीकडच्या माळावर हजारोंचा कळप होता. पुढचे दरडीपर्यंत यायचे, पाणी हुंगायचे, मागून रेटा यायचा आणि मग कशाने तरी बिचकून सगळेच्या सगळे उलटे पळत सुटायचे. धूळ खाली बसली की पुन्हा तेच. आमच्याबरोबर आलेल्या गाड्या दुपारी दीडपर्यंत कंटाळून निघून गेल्या. बाबा मात्र मांडीवर दुर्बीण ठेवून, पंढरपूरच्या दर्शनबारीत बसावं तसे पुढच्या सीटवर बसून होते.

हे आधी सांगते, कारण परत आल्यापासून सगळे पहिला प्रश्न ‘क्रॉसिंग दिसलं का?’ (म्हणजे कळपांनी नदी ओलांडणं) हाच विचारतात आणि दुसरा ‘बिग फाइव्ह झाले का?’ (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) हा. जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ठिकाणं कमी करा, दिवस वाढवा आणि एका जागी थांबायची तयारी ठेवूनच जा.

आम्ही तिघं होतो: मी, धाकटा भाऊ आणि बाबा. बाबा 71 वर्षांचे, सगळी हयात एसटीत चालक म्हणून गेलेली. 2024 चे गणपती विसर्जन झाले आणि 20 सप्टेंबरला आम्ही निघालो. पितृपक्षात कुठे निघालात, असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. पण विल्डबीस्ट साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, बाकीचं वर्ष टांझानियाच्या सेरेंगेटीत. त्यांच्या पंचांगाप्रमाणे जायचं तर हाच मुहूर्त होता. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत तिकडे मोठा पाऊस असतो, त्यामुळे आपल्या उन्हाळी सुट्टीचा मेळ नीट बसत नाही. फेब्रुवारीत केनिया कोरडा आणि सुंदर असतो, गर्दीही कमी, फक्त तेव्हा मारात हे मोठे कळप नसतात.

पहिल्या एजंटाने आठ दिवसांत पाच अभयारण्यं दिली होती. नकाशा उघडून अंतरं मोजली तेव्हा कळलं, की निम्मी सफारी महामार्गावरच होणार. अंबोसेली आणि सांबुरू मी काढून टाकले. अंबोसेलीतून दिसणारा किलीमांजारो हुकल्याची हळहळ अजून आहे. पण नैरोबीत एक रात्र, ओल पेजेटाला दोन, नाकुरूला एक आणि मारात चार, ही वाटणी मी पुन्हाही हीच ठेवेन. जमलं तर नाकुरूची रात्रही मारालाच देईन.

ओल पेजेटा नैरोबीच्या उत्तरेला, नान्युकी गावाजवळ आहे. रस्ता चांगला, चारेक तास लागतात आणि वाटेत विषुववृत्त ओलांडायला मिळतं. पूर्व आफ्रिकेत काळे गेंडे सर्वात जास्त इथेच आहेत. आम्ही गेलो ते नाजिन आणि फातूसाठी. या मायलेकी म्हणजे पांढऱ्या गेंड्यांच्या उत्तरी उपजातीतले जगात उरलेले शेवटचे दोन गेंडे. शेवटचा नर, सुदान, इथेच 19 मार्च 2018 रोजी गेला. दोघींचा जन्म चेक प्रजासत्ताकातल्या प्राणिसंग्रहालयातला. 2009 च्या डिसेंबरात त्यांना इथे आणलं. त्यांना पाहण्यासाठी वेगळं शुल्क आणि आधी ठरवलेली वेळ लागते.

दोघी शेजारी शेजारी चरत होत्या. रखवालदार त्यांच्याभोवती चोवीस तास असतात. दोघींपैकी एकीलाही आता गर्भ वाढवता येत नाही. फातूची स्त्रीबीजं घेऊन, साठवलेल्या शुक्राणूंपासून प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचे आणि दक्षिणी पांढऱ्या गेंड्याच्या मादीच्या पोटी वाढवायचे, असा प्रयत्न शास्त्रज्ञ करत आहेत. हे मी बाबांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दोघी एकमेकींना सोडून लांब जात नाहीत, बघितलंस का?” मी तोवर फोटो काढत होते. त्यानंतर कॅमेरा खाली ठेवला आणि मग मलाही दिसलं.

नाकुरूबद्दल थोडक्यात: तलावाचं पाणी गेल्या काही वर्षांत खूप वाढलंय, जुने रस्ते त्यात बुडाले आहेत आणि कॅलेंडरवर असतो तसा गुलाबी काठ आता गृहीत धरू नका. फ्लेमिंगो मोठ्या संख्येने बोगोरियासारख्या दुसऱ्या तलावांकडे गेले आहेत. गेंडे मात्र छान दिसले, काळे आणि पांढरे दोन्ही.

नाकुरूहून नारोकमार्गे मारा हा दिवसभराचा प्रवास. नारोकला जेवलो. शाकाहारी लोकांनी खाण्याची काळजी मुळीच करू नये. साध्या खानावळीतही चपाती मिळते, नाव चपातीच. सोबत न्डेंगू मागा, म्हणजे आपल्या मुगाची रस्सेदार उसळ. सुकुमा विकी म्हणजे कांदा-टोमॅटोवर परतलेली पालेभाजी आणि उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’ आणि चहाला ‘चाय’. सफारी म्हणजे प्रवास. आपली ‘सफर’ आणि ती, दोन्ही एकाच अरबी शब्दाच्या लेकी. आमचे चालक बाबांना ‘म्झे’ म्हणत. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे मानाने असंच म्हणतात. बाबा त्यांना ‘ड्रायव्हरसाहेब’ म्हणत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण गिअर कधी टाकायचा यावर त्यांचं हातवारे करून पूर्ण एकमत होतं.

मारातली माती पाहून बाबांनी गाडीतूनच सांगितलं, “ही आपली काळी माती. पाऊस पडला की चाक धरून ठेवणार.” दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर सर आली आणि छत उचलणाऱ्या दोन व्हॅन चिखलात रुतलेल्या दिसल्या. म्हणून गाडीवर पैसे वाचवू नका. फोर बाय फोर लँड क्रूझरच घ्या आणि करारात ते शब्द लिहून घ्या. आमच्या एका परिचितांना बुकिंग करताना एक गाडी दाखवली होती आणि विमानतळावर दुसरीच आली. बदलून मिळेपर्यंत त्यांचा अर्धा दिवस गेला.

मारा राखीव क्षेत्र 1,510 चौरस किलोमीटरचं आहे. आम्ही गेलो तेव्हा परदेशी प्रौढांसाठी जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर प्रवेशशुल्क होतं, जानेवारी ते जून 100. तिकीट बारा तासांचं. आमचा तंबू राखीव क्षेत्राबाहेर, तालेकच्या बाजूला होता. तीन पूर्ण दिवसांचे माणशी 600 डॉलर, म्हणजे पन्नास हजार रुपये, नुसत्या आत जाण्याचे झाले. एवढे पैसे भरून दुपारच्या जेवणाला तंबूवर परतण्यात अर्थ नाही. डबा बांधून घ्या, सकाळी सहाला आत शिरा आणि संध्याकाळीच बाहेर या.

मारात हिंगणबेटाची झाडं माळावर एकटीदुकटी उभी असतात. आपल्या कोरडवाहू भागातल्या हिंगणबेटाचंच ते भावंड. नीलपंखाचा जांभळ्या छातीचा भाऊबंदही तिथे प्रत्येक वाळक्या फांदीवर. वारुळावर चढून पहारा देणारं टोपी नावाचं हरिण पाहिलं की तिथे गाडी थांबवायला सांगा. ते एकटक जिकडे बघत असतं, तिकडे गवतात बहुधा कोणीतरी असतं. आम्हाला पहिली सिंहीण अशीच दिसली, वायरलेसवर कुणी काही सांगण्याआधी.

आता वायरलेसबद्दल. चालक एकमेकांना खबर देतात आणि दहा मिनिटांत गाड्यांचा गराडा पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीही अशाच खबरीवर गेलो. एक चित्त्याची मादी आणि तिची तीन अर्धवट वाढलेली पिल्लं. ती थॉमसन गझेलांच्या, म्हणजे छोट्या हरणांच्या, दिशेने दबकत निघाली होती आणि ती जिकडे वळेल तिकडे गाड्या पुढे जाऊन आडव्या लागत होत्या. आमची चौदावी. नियम असा, की एका प्राण्याजवळ पाचाहून जास्त गाड्या नकोत आणि 25 मीटरचं अंतर हवं. तिथे दोन्ही पाळलं जात नव्हतं. गझेल बिचकून उधळल्या. ती खाली बसली, धापा टाकत.

बाबा म्हणाले, “ड्रायव्हरसाहेबांना सांग, चला इथून. तिला पोरांना जेवायला घालू दे.”

मी इंग्रजीत सांगितलं. चालकांनी मागे वळून बाबांकडे पाहिलं, “असांते, म्झे” (धन्यवाद, बाबा) एवढंच म्हणाले आणि गाडी वळवली. नंतर त्यांनी सांगितलं, की पाहुणे रागावतील, बक्षिसी देणार नाहीत या धास्तीने चालक गर्दीत घुसतात. आपणच ‘नको’ म्हटलं तर त्यांच्यावरचा भार उतरतो. मारातल्या चित्त्यांवर 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका मादीची सरासरी दोनाहून अधिक पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली होती. जास्त वर्दळीच्या भागात सरासरी एकही नाही, 0.2 च्या आसपास. हा आकडा वाचून जा. पहिल्याच दिवशी चालकांना सांगून ठेवा, की आम्हाला गर्दीत जायचं नाही, एखादा प्राणी नाही दिसला तरी चालेल. त्यानंतरचे आमचे दिवस वेगळेच गेले, कारण ते आम्हाला त्यांना आवडणाऱ्या जागा दाखवू लागले.

हाताशी थोडे जास्त पैसे असतील तर राखीव क्षेत्राला लागून असलेल्या खासगी संवर्धन क्षेत्रांत राहा, उदाहरणार्थ नाबोईशो किंवा ओलारे मोटोरोगी. तिथली जमीन स्थानिक मासाई जमातीच्या कुटुंबांची, भाड्याने घेतलेली. गाड्या मोजक्या असतात आणि भाडं त्या कुटुंबांना मिळतं. पुढच्या खेपेला मी तिथेच राहणार आहे.

क्रॉसिंग तिसऱ्या दिवशी झालं. सकाळी साडेआठला त्याच काठावर गेलो. चालकांनी गाडी दरडीपासून बरीच मागे, झुडपांच्या आडोशाला लावली. कळपाची बाहेर यायची वाट मोकळी सोडायला हवी, असं त्यांचं म्हणणं. वाटेत गाड्या असल्या की कळप चढायचं सोडून पुन्हा पाण्यात वळतो. इंजिन बंद. बारा वाजून गेले. मग एका झेब्र्याने पाय घातला, मागे एक विल्डबीस्ट, आणि त्यानंतर दरडीवरून जणू मातीच वाहू लागली. त्यांचा आवाज म्हशींच्या हंबरण्यापेक्षा आखूड, घशातला, आणि हजारोंचा एकदम. एक वासरू प्रवाहात आईपासून सुटलं, खाली वाहत गेलं, पाणघोड्यांच्या पुढे खडकाला लागलं आणि धडपडत वर आलं. काठावर उभं राहून ओरडत होतं. वीस मिनिटांत सगळं संपलं. चढून आलेल्या कळपातून एक मादी परत नदीकडे आली आणि ओरडू लागली. वासराने ऐकलं. ते तिचंच होतं का, हे गर्दीत कळलं नाही, पण ते तिच्या मागे गेलं. भाऊ रडत होता, मीही.

सगळीच वाचत नाहीत. मारात दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट बुडून मरतात. मगरी, गिधाडं आणि माराबू करकोचे त्यांच्यावर जगतात, मासेसुद्धा. खाली वळणावर फुगलेली प्रेतं अडकलेली असतात आणि वास येतो. लहान मुलांना नेणार असाल तर आधी सांगून ठेवा.

आता तयारीचं. पीतज्वराची (यलो फीवरची) लस जाण्याआधी किमान दहा दिवस घ्यायलाच हवी. केनियाहून परतताना भारतात प्रमाणपत्र पाहतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस ठराविक अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि तारीख लवकर मिळत नाही, म्हणून तिकीट काढल्या काढल्या मागे लागा. साठीच्या पुढच्यांना या लसीचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. बाबांच्या बाबतीत आधी आमच्या डॉक्टरांशी नीट बोलून मगच दिली. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारा. व्हिसा आता लागत नाही, पण ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आम्हाला माणशी 30 डॉलर आणि वर थोडं शुल्क पडलं. ती सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स दुप्पट घेतात.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून कडक बंदी आहे आणि अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत. घरून चिवडा-लाडू नेताना स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या वापरा. स्वेटर न्याच. विषुववृत्ताजवळ असलं तरी सगळा भाग उंचावर आहे आणि सकाळी सहाला उघड्या छताच्या गाडीत दात वाजतात. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी हवी, इथे वाटून घेणं जमत नाही. कॅमेऱ्यासाठी मी रिकामी कापडी पिशवी नेली आणि तिथे दोन किलो तांदूळ विकत घेऊन भरला. छताच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवायला उत्तम, आणि शेवटी तांदूळ तंबूच्या स्वयंपाकघरात दिला.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर दोन गोष्टी. रस्ते हाडं खिळखिळी करतात, म्हणून त्यांना पुढची सीट द्या आणि कमरेचा पट्टा न्या. आणि लघवीचा प्रश्न आहे. दिवसभरात स्वच्छतागृहं एखाद-दुसरीच. चालकाला निःसंकोच सांगा, ते मोकळी जागा बघून, आधी खात्री करून, गाडीच्या आडोशाला उतरू देतात. बायकांनी लाजून पाणी कमी पिऊ नये. मी पहिल्या दिवशी तेच केलं आणि रात्री डोकं फुटायची वेळ आली.

विमान, गाडी, तंबू, शुल्क, चालकांसाठी दिवसाला माणशी 10 डॉलर बक्षिसी, सगळं मिळून आम्हाला माणशी साडेतीन लाखांच्या आसपास खर्च आला. बलूनची फेरी आम्ही घेतली नाही.

निघताना चालकांनी बाबांना गाडीची किल्ली दाखवून खुणेने विचारलं, चालवणार का? तंबूपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा कच्चा तुकडा होता, राखीव क्षेत्राबाहेरचा. बाबांनी हात जोडून नको म्हटलं. मग पुढे जाऊन बॉनेटवर दोनदा थोपटलं, डेपोत गाडी लावताना थोपटायचे तसं, आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.