मोडीवर तरलेली पेढी

पुतण्या म्हणाला, "काका, आपल्या तांब्या-पितळेच्या पेढीला दीडशेच्या वर वर्षं झाली, वाटचाल लिहून द्या. दीड पान पुरे." दीड पानात आमचा नुसता काटा बसतो. म्हणून सुरुवात काट्यापासूनच करतो.

रविवार पेठेतल्या आमच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला, माजघराच्या तोंडाशी, तुळईला टांगलेला काटा दिसतो. दांडी लोखंडी, पारडी तांब्याची, साखळ्या दोनदा बदललेल्या. उजव्या साखळीच्या वरच्या कडीत चिंचोक्याएवढा पत्र्याचा तुकडा तारेने बांधलेला आहे. तो पासंग. साखळ्या बदलल्या तेव्हा उजवं पारडं किंचित हलकं भरायला लागलं, म्हणून आजोबांनी तो कापून बांधला आणि कानशीने घासत घासत बरोबर केला. घासल्याचे ओरखडे अजून बोटाला लागतात. गिऱ्हाईक आलं की आधी रिकामा काटा उचलून दाखवायचा, जीभ (दांडीवरची सुई) मधोमध उभी राहिली की मगच माल चढवायचा, हा थोरल्यांपासूनचा नियम. याला धडा करणं म्हणतात. हल्ली इलेक्ट्रॉनिक काट्यावर माल ठेवण्याआधी शून्य दिसतंय का, हे कुणी बघत नाही. बघत जा.

थोरले म्हणजे माझे खापरपणजोबा. ते मुंबईत तांबा काट्यावर, म्हणजे तिथल्या तांब्या-पितळेच्या बाजारात, एका पेढीत गुमास्ते होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ ला शेअरच्या वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली, तेव्हा अर्ध्या मुंबईबरोबर त्यांचा मालकही बसला. थोरल्यांनी त्या दिवसांत एक शपथ घेतली असं घरात सांगतात: उधारीवर भावाचा खेळ खेळायचा नाही. ती त्यांनी तेवीस वर्षं पाळली.

बोरघाटातून १८६३ मध्ये गाडी सुरू झाली होती. त्याआधी माल घाटाखाली गाडीतून उतरायचा, बैलांनी घाट चढायचा, आणि पत्र्याचे कोपरे वाटेत दुमडायचे. आता पेटी मुंबईत चढली की पुण्यातच उतरणार. हे हेरून थोरल्यांनी १८६७ मध्ये एका भागीदाराबरोबर इथे पेढी घातली. भांडवल भागीदाराचं, डोळे थोरल्यांचे. विलायतेहून, स्वान्सी-बर्मिंगहॅमकडून येणारा तांब्या-पितळेचा पत्रा मुंबईत घ्यायचा, कसब्यातल्या तांबट आळीत वजनावर घडवायला द्यायचा, घट (घडवताना जाणारं वजन) धरून घडणावळ चुकती करायची, आणि हंडे, कळशा, घागरी, तपेली, पराती, घंगाळी जिल्ह्यातल्या कासारांना ठोक विकायची. धंदा तुम्हाला ठाऊकच आहे, जास्त फोडून सांगत नाही.

पत्र्याची पारख मात्र सांगतो. थोरले पेटी फोडली की वरचा पत्रा सोडून मधला काढायचे. कोपरा उलटसुलट तीनदा वाकवायचे. तांबं निमूट वाकतं. जहाजांच्या बुडाला ठोकायचं पिवळं मिश्रण, साठ भाग तांबं आणि चाळीस भाग जस्त, ते थंड ठोकलं की चिरतं. ते कुणी चांगलं पितळ म्हणून गळ्यात मारलं, तर तांबटाच्या मठारण्याखाली, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांखाली, हंड्याला बुडातून केसासारखी चीर जाते आणि शिव्या पेढीला बसतात. मग कानस मारून आतला रंग बघायचा. शेवटी पत्रा दोन बोटांत धरून वाजवायचा. मला अजून तो आवाज ओळखता येतो, पुतण्याला येत नाही.

भागीदारी १८८४ मध्ये फुटली. का फुटली याच्या दोन हकिगती आहेत, आणि दुसरी शेजारच्या दुकानात ऐकायला मिळते. भागीदारांनी भिंतीला भिंत लावून स्वतःची पेढी घातली. नाव लिहीत नाही, पेठेत कुणाला विचारायची गरज पडत नाही.

आता १८८८ चं सांगतो. खरं तर सगळं लिहायला घेतलं ते याच्यासाठी.

पॅरिसमध्ये सेक्रेतान नावाचा एक धातूचा कारखानदार होता. जगातलं तांबं आपल्या मुठीत घ्यायचं असं त्याने ठरवलं. बँका पाठीशी घेतल्या, खाणींशी वायदे केले, आणि १८८७ च्या अखेरीपासून दिसेल ते तांबं उचलायला लागला. मुंबईचा मण २८ पौंड वजनाचा, ऐंशी मणांचा एक टन. लंडनची तार आली की गुमास्ते बोटांवर भाव काढत. टनाला चाळीस पौंड भाव म्हणजे मणाला अर्धा पौंड. ऐंशी झाला की मणाला पुरा एक पौंड. सेक्रेतानने चाळीसचे ऐंशी केले. त्यात रुपया घसरलेला. पौंडाला पूर्वी दहा रुपये मोजायचे, ते आता साडेचौदाच्या आसपास. म्हणजे मार दुहेरी होता, आणि पत्रा लाटण्याची मजुरी, जहाजाचं भाडं, दलाली हे सगळं त्याच्यावर.

हंड्यांचं गिऱ्हाईक तुटलं. लग्नघरं पितळेवर आली, भांडी मोजून घ्यायला लागली. रुखवतात मातीची घागर ठेवून "तांब्याची मागाहून" असं सांगणारेही निघाले. शेजारच्यांनी आपल्याकडचा साठा चढ्या भावात काढून टाकला. हुशारीच ती, नाही म्हणत नाही. थोरल्यांना वाटलं भाव अजून चढणार. तांबा काट्यावर दलालाने रुमालाखाली हात धरला, करपल्लवीत, बोटांच्या खुणांनी, भाव सांगितला, आणि तेवीस वर्षांची शपथ त्या रुमालाखाली गेली. अडीचशे मण पत्रा, मणाला सतरा रुपये. थोडे रोख, बाकीच्या मुदती हुंड्या, म्हणजे ठरल्या दिवशी पैसे भरायच्या चिठ्ठ्या. शेवटची हुंडी अठराशेची, पाडव्याच्या आसपास भरायची.

मार्च १८८९ मध्ये पॅरिसची ती मूठ उघडली. ज्या बँकेने सेक्रेतानला सर्वांत जास्त पैसा पुरवला होता, तिच्या संचालकाने आत्महत्या केली. महिना संपायच्या आत तांबं चाळीस पौंडांच्या खाली आलं. भाव चढला म्हणून खाणींनी उपसा वाढवला होता, घेणाऱ्यांनी हात आखडला होता, आणि जगभरातून जुनं तांबं वितळून बाजारात आलं होतं. हे तिसरं कारण मला फार आवडतं. सगळ्या खाणी विकत घेता येतील, पण घराघरांतल्या फडताळावरचं फुटकं तपेलं कुठून विकत घेणार? आमच्या धंद्यात त्याला मोड म्हणतात. एखादी गोष्ट मोडीत काढली असं तुम्ही सगळे म्हणता, तो शब्द आमच्या काट्यावरचा आहे.

सेक्रेतानच्या संग्रहातली चित्रं त्याच उन्हाळ्यात लिलावात निघाली. आमच्याकडे थोरल्या आजींच्या पाटल्या निघाल्या. त्यांचे सातशे आले. अकराशे कमी.

आणि त्यातच दिव्याची भानगड. माजघर तेव्हा आत्तापेक्षाही अंधारं होतं. एका दुपारी थोरले उरलेला पत्रा मोजत होते, काट्याची जीभ दिसेना म्हणून त्यांनी मुलाला समई आणून कट्ट्यावर ठेवायला सांगितलं. व्यापाऱ्यांत रीत अशी, की देणं फिटत नसेल तर भरदिवसा पेढीवर दिवा लावायचा. दिवाळं निघालं म्हणतात ते हेच. शेजारचा पोऱ्या सुतळी मागायला आला, त्याने समई पाहिली आणि सुतळी न घेताच परत गेला. संध्याकाळपर्यंत कापडगंजापासून बोहरी आळीपर्यंत बातमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात घेणेकरी ओट्यावर बसलेले. पोऱ्याला दोष देत नाही, दहा वर्षांचा होता. ज्यांनी ती बातमी तपासून न घेता पुढे पाठवली त्यांना थोरल्यांनी आपल्या हाताने जमाखर्च शिकवला होता, किंवा त्यांनी थोरल्यांना. इथेही हकिगती दोन आहेत.

आमच्या चोपड्या मोडी लिपीत आहेत. मला वाचता येत नाहीत. सहा-सात वर्षांपूर्वी जाणकाराकडून त्या महिन्याची पानं वाचून घेतली. त्यात एका खात्याचं नाव फक्त 'जुन्नर' असं आहे. हे जुन्नरचे एक कासार, दरसाल मार्गशीर्षात येऊन लग्नसराईचा माल भरणारे. १८७६ च्या दुष्काळात त्यांच्या भागातली माणसं घरातली भांडी विकून दाणे घेत होती. ती मोड त्यांनी आमच्याकडे पाठवली, तेव्हा थोरल्यांनी नावं घातलेली भांडी वेगळी काढून ठेवली, मुशीत जाऊ दिली नाहीत, आणि दुष्काळ सरल्यावर ज्याची त्याला परत दिली. आमच्या घरात ही गोष्ट "फुकट परत दिली" अशी सांगतात. चोपडीत रुपयामागे एक आणा जादा घेतल्याची नोंद आहे. माझ्या आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती आठ दिवस बोलली नाही. पण दोन वर्षं माल अडकवून ठेवायचा तर आणा काही जास्त नाही, असं माझं मत आहे.

तर ओट्यावर घेणेकरी बसलेले असताना पाच बैलगाड्या बोळात शिरल्या. पेठेला वाटलं, माल उचलायला आल्या. भरून जातानाची गंमत बघायला माणसं जमली. पण गाड्यांची चाकं बोळातल्या फरशीवर करकरत होती, आणि रिकाम्या गाडीचं चाक करकरत नाही. ताडपत्री काढली तर आत काठोकाठ मोड. चेपलेल्या कळशा, बूड गेलेले हंडे, कान तुटलेली घंगाळी. भाव चढा होता तेव्हापासून जुन्नरकर गावोगाव गोळा करत होते, विकायला मात्र उशीर झाला. नारायणगाव, मंचर, खेड, चाकण असं करत चार दिवसांत पोचले होते.

"शेट, ही ठेवून घ्या," ते म्हणाले. "पैसे दिवाळीला द्या. तोवर मला लागला तर माल द्या."

थोरल्यांनी काही न बोलता काटा उचलला आणि धडा करून दाखवला. घेणेकऱ्यांच्या देखत दुपारपर्यंत वजन चाललं. एकशे अठ्ठ्याण्णव मण. त्यातली बरीचशी ओताऱ्यांनी आणि तांबटांनी तिथल्या तिथे रोखीने उचलली, सहा रुपये मणाने. हुंडी मुदतीच्या दिवशी सकारली गेली. हुंडीच्या पाठीवर भरपाई झाल्याची सही आहे, ती मी काचेत लावून ठेवली आहे. सतरा रुपयांचा पत्रा मात्र साताच्या भावाने घडवून विकायला पुढची तीन वर्षं लागली. पाटल्या परत झाल्या नाहीत.

हे सगळं लिहायचं कारण असं, की शेजारच्या पेढीने आपली शताब्दी केली तेव्हा स्मरणिका काढली. तीत एक वाक्य आहे: १८८९ च्या तेजीमंदीत रविवारातली एकच पेढी डळमळली नाही. बरोबर आहे, ते डळमळले नाहीत, कारण त्यांच्याकडे माल नव्हता. पण पुढच्या ओळीत "बाकीच्यांनी दिवे लावले" असं छापलं आहे. दिवा एकच होता, समईचा, आणि तो जीभ बघायला होता. वडिलांनी त्यांना पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

पुढचं थोडक्यात. १८९७ च्या प्लेगात पेठा ओस पडल्या, पेढी काही महिने बंद होती. रॉकेलचे डबे आले. हंड्याचा पहिला वैरी स्टील, असं लोक समजतात, पण स्टीलच्या कितीतरी आधी पाणी भरायला रॉकेलचा रिकामा डबा दारोदार पोचला होता, दोन्ही बाजूंना भोकं पाडून लाकडी दांडा घातला की झालं. नंतर ॲल्युमिनियम, मग स्टील. पणजोबा, आजोबा आणि वडील यांची मिळून सत्तरएक वर्षं व्यवस्थित गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हल्ली लोक पुन्हा तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवायला लागले आहेत. ठेवा, पण ताक ठेवू नका. आणि भांडं घेताना काठ बघा. काठात लोखंडी सळई घालून वर पत्रा वळवलेला असतो आणि सळईही तांब्याच्या भावाने तोलली जाते. लोहचुंबक घेऊन जा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर पुढच्या दुकानात जा. आमच्याकडे चुंबक गल्ल्यावरच ठेवलेलं आहे.

एक नियम आमच्याकडे अजून आहे. दिवसा दुकानात दिवा लागत नाही. विजेचाही नाही. पुतण्या वैतागतो, गिऱ्हाइकं बिचकतात. बंद आहे का म्हणून डोकावून पुढे जातात.

मागच्या महिन्यात शेजारच्यांचा पणतू आला. त्यांचं दुकान आता मोबाइलच्या कव्हरचं आहे. हातात आजीचा तांब्याचा बंब, तोटी गेलेला. "काका, मोडीत घालायचाय. तुमच्या काट्यावर करा, बाकीच्यांवर माझा विश्वास नाही." बंब चांगला होता, तोटी बसवून वापरता आला असता, तसं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, फ्लॅटमध्ये कुठे ठेवू. मी काटा उचलला, धडा करून दाखवला, बंब चढवला. पावसाळी दुपार, माजघरात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"दिवा लावा की," तो म्हणाला.

मी म्हटलं, आमच्याकडे दिवसा लावत नाहीत.

त्याने का म्हणून विचारलं नाही. खिशातून मोबाइल काढला, बॅटरी लावली आणि काट्याच्या जिभेवर धरली. अकरा किलो दोनशे.